पाठीवर तांब्याभर पाणी

आधीच सांगून टाकते, मी मटण खाते. लहानपणी नळी कुणाच्या ताटात पडणार यावरून मी भावांशी मारामाऱ्या केल्या आहेत. त्यामुळे पुढचं वाचून कुणी मला माळकरी समजू नये, की मुक्या प्राण्यांवर दया करा असं सांगत फिरणारी बाई समजू नये. मला फक्त एक बोकड कापू द्यायचा नव्हता. बाकीच्या बोकडांचं ज्याचं त्यानं बघावं.

आमची वाडी वैशाखऱ्याच्या रस्त्यापासून बरीच आत, डोंगराच्या पायथ्याशी आहे. घरात सासू आणि मी. नवरा कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर ठेकेदाराच्या हाताखाली असतो, तिकडेच राहतो, पंधरवड्याला एकदा येतो. थोरले दीर बायकोमुलाला घेऊन आसनगावला फ्लॅटमध्ये राहायला गेले त्याला बरीच वर्षं झाली. मागं राहिलं ते भाताचं शेत, भात निघाल्यावर त्यात टाकायचे वाल, आणि शेळ्या. शेळ्यांना रानात मी नेते, पावसाळ्यात त्यांच्यासाठी पाला मी तोडून आणते, खूर चिघळले तर हळद-तेल मी भरते. म्हणून शेळ्या माझ्या, असं मी आपलं मनाशी धरून चालले होते.

ते तसं नाही हे मला एका नवसानं कळलं. दिरांचा मुलगा कॉलेज करून घरी बसला होता. ठिकठिकाणी अर्ज झाले, मुलाखती झाल्या, पण नोकरी काही लागत नव्हती. एकदा दीर गावी आले, गावदेवीपुढे नारळ ठेवला आणि बोलून गेले की पोराला नोकरी लागू दे, आमच्या पांढऱ्या कानांच्या शेळीचा पहिला बोकड तुला देईन. शेळी तेव्हा गाभण होती. मला हे दुसऱ्या दिवशी सासूकडून समजलं, तेही भांडी घासता घासता.

"नवस त्यांचा, मग बोकड पण त्यांचाच आणायचा ना," मी म्हटलं.

"देवीच्या कामात असं बोलू नये गो," सासू म्हणाली.

मी बोलले नाही. पण भांडी जरा जोरात आपटली.

शेळी व्याली ती भरदिवसा, खळ्यावर. भात झोडून झालं होतं आणि आम्ही दोघी पेंढ्याची उडवी रचत होतो. आधी पाट झाली, म्हणजे मादी. शेळीनं तिला लगेच चाटायला घेतलं. मग थोड्या वेळानं दुसरं पिल्लू आलं. सासूनं वाकून बघितलं आणि "बोकड!" असं ओरडून ती घराकडे पळत सुटली. गुडघे दुखतात म्हणून एरवी न्हाणीपर्यंत जाताना तीनदा कण्हणारी बाई. परत आली ती एका हातात हळदकुंकवाचा करंडा आणि दुसऱ्या हातात निखाऱ्यांचं खापर घेऊन. निखाऱ्यांवर राळ टाकली होती, धूर उठत होता.

पिल्लू अजून ओलं होतं. अंगावरचा पडदासुद्धा धड सुटला नव्हता. सासूनं त्याच्या कपाळाला हळद फासली, पाठीवर फासली, वर कुंकू लावलं आणि राळेचा धूर त्याच्या अंगाभोवती फिरवला.

"आधी तिला चाटू दे त्याला," मी म्हटलं.

"देवीचा हाय. आधी देवीचं."

मग तिनं त्याला शेळीपुढे ठेवलं. शेळीनं नाक पुढं केलं, हुंगलं, शिंकली आणि डोकं खाली घालून त्याला ढुशी दिली. पिल्लू कलंडलं. मी त्याला परत उभं करून तिच्यापुढे नेलं. या वेळी तिनं शिंगानं उचलून टाकलं. तिच्या दृष्टीनं ते तिचं पिल्लूच नव्हतं. तिच्या पिल्लाला तिच्या पोटातला वास असतो, या पिवळ्या वस्तूला देव्हाऱ्याचा वास होता. ती पाटीला घेऊन लांब जाऊन उभी राहिली.

मग आम्ही सगळं करून बघितलं. कोमट पाण्यानं हळद धुतली. पाटीच्या अंगाला पोतं पुसून तेच बोकडाच्या अंगाला चोळलं. पाठीवर मीठ भुरभुरलं, खारट लागलं तर चाटेल म्हणून. शेळीला खुंट्याला आखूड बांधलं. शेवटी शेजाऱ्यांचा कुत्रा आणून जवळ उभा केला, कारण कुत्रा दिसला की शेळी आपलं पिल्लू पायाखाली घेते. हिनं घेतलं, पण पाटीला. बोकडाच्या अंगावरून ती ओलांडून गेली. सासू खळ्याच्या कडेला करंडा हातात धरून बसली होती. तिच्या बोटांची हळद वाळली होती. तिला कळलं होतं काय झालं ते, मी वेगळं सांगायची गरज नव्हती. आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला तिचा इतका राग आला होता की मी तोंड उघडलं असतं तर भलतंच काही निघालं असतं.

"आसनगावला फोन लाव," ती म्हणाली.

मी लावला, स्पीकरवर. दिरांनी सगळं ऐकून घेतलं. मागं टीव्ही चालू होता.

"आईनं घेतलं नाय तर काय करायचं? मेला तर मेला. दुसरा बघू," ते म्हणाले.

फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. दुसरा बघू! जणू माझ्या मांडीवर पेंढ्यात गुंडाळलेलं ते थरथरणारं काहीतरी म्हणजे दुकानातली फुटकी बरणी होती. मी त्याच क्षणी ठरवलं की हा मरणार नाही. दया वगैरे नंतर आली असेल. आधी आला तो हट्ट.

सासूनं शेळीचे मागचे पाय धरले आणि मी वाटीत चीक काढला. पहिला चीक पोटात गेला नाही तर पिल्लू जगत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. चिंधीची वात करून ती चिकात बुडवायची, त्याच्या तोंडात द्यायची, जबडा हातानं हलवायचा. पहिल्यांदा सगळं गालावरून ओघळलं. मग घशाशी एकदा हललं. मग त्यानं माझं बोटच ओढायला सुरुवात केली. मी सासूकडे बघून हसले आणि मग आठवलं की मी तिच्यावर रागावले आहे.

"नुसतं पाजून भागायचं नाय," ती हलक्या आवाजात म्हणाली. "आई चाटते तवा पोराचं पोट चालतं. ह्याला कोण चाटणार? फडकं वलं कर, कढत पाण्यातून पिळ, न डोक्यापासून शेपटीपर्यंत पूस. शेपटीखाली पण पूस. रोज."

तेव्हापासून मी त्याची जीभ झाले. सकाळ-दुपार-संध्याकाळ ओलं फडकं. आधी प्रत्येक वेळी तो शहारायचा, सगळं अंग झाडायचा आणि थेंब माझ्या तोंडावर उडायचे. पुसून झालं की चुलीपुढे धरून कोरडा करायचा आणि टोपलीत पेंढ्यावर ठेवायचा. हळूहळू तो फडकं लागताच डोळे मिटायला लागला. मी पुसत असले की मान लांब करायचा, म्हणजे गळ्याखालचं राहायला नको.

बाटली आणायला मी मुरबाडला गेले. मेडिकलवाल्यानं बुचं दाखवली आणि विचारलं, "बाळ केवढं आहे?"

"आठवड्याचं."

"वजन भरतंय ना?"

"भरतंय. शिंगं यायचीत अजून," मी म्हटलं. त्यानं बाटली पिशवीत घातली आणि पुढं काही विचारलं नाही.

वाडीतल्या बायकांना चघळायला विषय मिळाला. पाण्यावर गेले की एकीनं तरी विचारायचंच, "काय गो बाळंतीणबाई, पोर कोणावर गेलंय?" मी म्हणायचे, "आजीवर गेलंय, हळद लागली की रुसतंय." सासूच्या कानावर ते जायचंच, आणि जावं म्हणूनच मी बोलायचे.

तो वाढला आणि त्याला वाटायला लागलं की मी शेळी आहे, किंवा तो माणूस आहे. मी जाईन तिथं तो यायचा. पाण्यावर, शेतावर, रेशनच्या दुकानात. एकदा वैशाखऱ्याला एसटीसाठी उभी होते तर फाट्यापर्यंत मागं आला आणि मला परत फिरावं लागलं. गुणी होता असं मी मुळीच म्हणणार नाही. शेजाऱ्यांच्या वालाच्या वेली त्यानं खाल्ल्या, माझ्या चांगल्या साडीचा पदर खाल्ला, घरात शिरून पिठाच्या डब्यात तोंड घातलं आणि पांढरं थोबाड घेऊन सासूपुढे जाऊन उभा राहिला. सासूनं फुंकणी उगारली आणि खाली ठेवली. त्याच्या आईनं मात्र त्याला शेवटपर्यंत ओळख दिली नाही. एका दावणीला बांधले तरी ती त्याच्याकडे पाठ करायची.

गणपतीच्या दिवसांत दिरांचा फोन आला. पोराला भिवंडीकडे गोडाऊनमध्ये नोकरी लागली होती. आवाज नुसता पेढ्यासारखा.

"माघात येतो नवस फेडायला. बोकड केवढा झालाय? चांगला पोसा."

"तो बोकड नाय मिळायचा, दादा," मी म्हटलं. "मेला तर मेला म्हणाला होतात ना? तुमच्यापुरता तो मेलाय. तुमी दुसरा बघा."

 पलीकडून फोन कट. संध्याकाळी कसाऱ्याहून नवऱ्याचा फोन आला. "दादानं देवीला शबूद दिलाय. नवसाच्या कामात बायकांनी पडायचं नसतं. तू गप ऱ्हा." मी म्हटलं, बायकांनी पडायचं नसतं तर चीक काढायला, फडकं फिरवायला, रात्रीचं उठायला पुरुष का नाही पाठवला? त्यानंही फोन ठेवला. एकाच दिवसात दोन भावांनी फोन आपटले, तेवढंच समाधान. पण बोकड देवीचा ठरला तो ठरला. पुरुषांनी आपसात नक्की केलं, वाडीत सांगितलं, भगताला निरोप गेला.

आमच्याकडची रीत अशी आहे. बोकडाला देवीपुढे उभा करतात, भगत त्याला हळदकुंकू लावतो आणि अंगावर पाणी ओततो. मग सगळे गप्प राहून बघतात. बोकडानं अंग झाडलं की देवीनं घेतला असं समजतात, एकच ओरडा होतो, ढोल वाजतो आणि पुढचं होतं ते होतं. नाही झाडलं तर देवी घेत नाही, मग कुणीही त्याला हात लावत नाही. पण न झाडणारा बोकड कुणी बघितलेला नव्हता. गार पाणी पाठीवर पडलं तर कुठलंही जनावर अंग झाडणारच. देवीला नाही म्हणायला तशी जागाच ठेवलेली नाही, हे कितीतरी आधी माझ्या लक्षात यायला हवं होतं.

ते लक्षात आलं ओसरीत बसले असताना. पाऊस लागला होता आणि पत्र्याच्या कडेनं धारा गळत होत्या. पांढऱ्या कानांची शेळी आणि पाट एक थेंब पडताच अंग झाडत आत पळाल्या. हा मात्र धारेखाली उभा. पाणी कण्यावरून दोन्ही बाजूंना वाहतंय, डोळे अर्धे मिटलेले, मान लांब केलेली. त्याला वाटत होतं मी त्याला पुसतेय. मी उठून उभी राहिले. पाण्याखाली अंग न झाडणारा बोकड माझ्याच दारात उभा होता.

दुसऱ्या दिवसापासून मी तांब्या घेतला. सकाळी गोठा झाडून झाला की त्याला अंगणात उभा करायचा, डाव्या मुठीत सुबाभळीचा पाला धरायचा आणि उजव्या हातानं पाठीवर तांब्या ओतायचा. अंग झाडलं तर पाला नाही. उभा राहिला तर पाला. ओलं फडकं वेगळं आणि एकदम पडणारं पाणी वेगळं, त्यामुळे सुरुवातीला तो झाडायचाच. पण खाण्याच्या बाबतीत त्याची अक्कल तेज होती. मग मी थोडं थोडं थांबायला लागले. मूठ दाखवायची आणि उघडायची नाही. तोही माझ्या मुठीवर डोळे लावून उभा राहायचा, आणि पाला खाऊन झाला की मगच सगळं अंग एकदम झाडून घ्यायचा. पुढं मी कपाळाला हळद लावून बघितली. राळेचा धूर दाखवला. रॉकेलचा जुना डबा काठीनं बडवला, ढोलाची सवय व्हावी म्हणून. वाडीत बोलायला लागले की नवरा घरी नसतो त्याचा हा परिणाम.

सासू ओट्यावर बसून मशेरी लावत हे सगळं बघायची. एका शब्दानं कधी विचारलं नाही. थंडी पडली आणि मी त्याची दया येऊन न्हाणीच्या हंड्यातलं कोमट पाणी घ्यायला लागले. दोन-तीन दिवस तिनं बघितलं. मग चूळ भरली आणि म्हणाली, "कढत कशाला घेतेस? तिथं हिरीचं पाणी असतंय, गार." आणि आत निघून गेली. मी तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिले. मग जाऊन विहिरीचं पाणी आणलं.

माघातला तो दिवस उजाडला. दीर आले, जाऊबाई आल्या, नवरा आदल्या दिवशीच कसाऱ्याहून आला होता. ज्याच्या नोकरीचा नवस, त्या पोराला नोकरीतून सुट्टी मिळाली नव्हती. दिरांनी बोकडाच्या पाठीवर हात दाबून बघितला आणि "झकास पोसलाय" असं मला म्हणाले, म्हणजे माझी जणू त्यांनी पाठ थोपटली.  माझं लक्ष दुसरीकडेच होतं. एवढे महिने तांब्या ओतला, पण माझ्या अंगणात ओतला होता. तिथं माणसं असणार, भगताचा हात परका असणार. एकदा जरी त्याच्या कातड्यावर शहारा आला तर सगळं संपलं होतं.

देवीचं ठाणं शेतांपलीकडे, जांभळीच्या झाडाखाली आहे. मी दोरी कुणाला दिली नाही. "माझ्यामागंच येतोय तो," म्हटलं, आणि ते खरंच होतं. भगत म्हातारा, हळू हालचालींचा. त्यानं हळद लावली, कुंकू लावलं, धूप फिरवला. बोकड शिंकलासुद्धा नाही. मग भगतानं देवीच्या पुढ्यातली कळशी उचलली आणि कण्यावर पाणी ओतलं.

ढोलवाल्याची काठी वर गेलेली, तशीच राहिली.

बोकड उभा होता. पाणी पोटाखालून ठिबकत होतं. मी समोर उभी होते आणि माझी डावी मूठ पदराखालून जराशी बाहेर होती. तो मुठीकडे बघत होता.

"परत वता," दीर म्हणाले.

भगतानं परत ओतलं. मानेवर ओतलं. मग ओंजळीनं कानात पाणी टाकलं. कान तेवढा हलला. पण तो कानच होता. अंग स्थिर. माझी मूठ घामानं ओली झाली होती आणि आतला पाला चुरगळला होता. मी देवीकडे बघितलं नाही, दिरांकडे बघितलं नाही. फक्त मनात म्हणत होते, थांब रे, थांब, थांब.

भगतानं कळशी खाली ठेवली. "देवी घेत नाय," तो म्हणाला. "नारळ द्या, न जनावर घरी न्या."

मी मूठ उघडली.

तसेच परत निघालो. बांधावरून एकामागं एक चाललो होतो. पुढं दीर आणि जाऊबाई, मग नवरा, मग बोकडाला घेऊन मी, माझ्यामागं सासू. बोकड तोंडातला पाला चघळत होता. अर्ध्या वाटेवर त्यानं तो गिळला, चारही पाय रोवून उभा राहिला आणि नाकापासून शेपटीपर्यंत सगळं अंग झाडलं. कान फटाफटा वाजले. पाणी दिरांच्या पाठीपर्यंत गेलं.

दीर वळले. "झाडलं!" ते ओरडले. "बघितलंत ना? झाडलं! चला परत. भगताला थांबवा."

नवरा माझ्या हातातली दोरी घ्यायला आला. मी दोरी मनगटाला दोनदा गुंडाळली. तिथं मी गप्प बसून म्हणू शकले असते की देवीची इच्छा, मला काय कळतंय. पण महिनोन् महिने मी राबले होते, आणि त्याचं श्रेय मी कुणालाच द्यायला तयार नव्हते, देवीलाही नाही.

"मी शिकवलंय त्याला," मी म्हटलं. "रोज सकाळी पाठीवर तांब्या वततेय. गणपतीपासून. पाला खाल्ल्याशिवाय तो अंग झाडत नाय. आता खाल्ला, आता झाडलं. परत नेलात तर मी परत पाला धरीन."

दिरांचं तोंड उघडंच राहिलं. जाऊबाईंनी तोंडावर पदर घेतला.

"देवीला फसवलंस?" दीर म्हणाले. "देवीचा कोप हुईल. समद्या घरावर हुईल."

"देवी काय आंधळी हाय? रोज अंगणात उघड्यावर वतत होते. सगळ्या वाडीनं बघितलं, तिनं नसंल बघितलं? तिला नको असतं तर तवाच अडवलं असतं. आणि कोप करायचा तर माझ्यावर करू दे. तुमी मेला तर मेला म्हणालात, तवा नवस कुठं गेला व्हता?"

"आये, तू सांग हिला!"

सासू मागून पुढं आली. बांध अरुंद होता, म्हणून तिला बोकडाच्या अंगाला धरून यावं लागलं. तिचा हात त्याच्या ओल्या पाठीवर होता आणि भगतानं लावलेली हळद तिच्या बोटांना लागली. तिनं ती बोटं लेकापुढे धरली.

"ही हळद मी लावली व्हती, तुझ्या नवसाची," ती म्हणाली. "त्याची आई गेली त्यात. आई घेतली देवीनं त्याची. आता आणखी काय देऊ म्हणतोस?"

 नवऱ्यानं हात मागं घेतला. सासू गुडघ्यावर हात ठेवून कण्हली, मग मला म्हणाली, "चल गो, ऊन चढतंय."

दीर न जेवता गेले. पुढच्या आठवड्यात त्यांनी मुरबाडच्या बाजारातून एक बोकड आणला. त्यानं पहिल्याच थेंबाला अंग झाडलं, ओरडा झाला, ढोल वाजला. रीतीप्रमाणे वाटा आमच्याकडेही आला. मी तो शिजवला आणि खाल्ला. नळी मात्र आली नाही, ती त्यांनी मुद्दाम काढून घेतली असणार. दीर आजही माझ्याशी बोलत नाहीत. फोन आला की म्हणतात, आईला दे. मी देते. वाडीत कुणाची म्हैस आटली की दोन बायका तरी माझ्या घराकडे बघतात. बघू देत.

मटण खाल्लं त्या संध्याकाळी मी भांडी घासायला अंगणात बसले तर तो येऊन उभा राहिला, रोजच्या जागेवर, अंग आडवं धरून. मूठ रिकामी होती, तरी मी तांब्या भरला आणि ओतला. तो हलला नाही.

"झाड रे आता," मी म्हटलं. "खुशाल झाड. आता कोणी नाय बघत."

तो तसाच उभा. पाणी ठिबकतंय, मान लांब, डोळे माझ्या हाताकडे. मला एकदम रडू आलं. वर्षभरात आलं नव्हतं ते तेव्हा आलं. मी दोन्ही हात उघडून त्याला दाखवले, काही नाही बघ म्हटलं, आणि परत भांड्यांकडे वळले. थोड्या वेळानं मागं कान फटाफटा वाजले आणि माझी पाठ सगळी भिजली.